मागच्या दाराचा कोबा

शनिवारी सकाळी आठ वाजता हार्मन ओल्या कोब्याला पाणी मारत होता.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. मागच्या दारापासून कुंपणापर्यंतचा तो काँक्रीटचा कोबा आधीच काळाशार ओला होता. तरी हा पासष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यापर्यंत बूट चढवून, हातात रबरी नळी धरून त्याच्यावर पाणी सोडत उभा. तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात तसा, हळूहळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

डिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. गेल्या सहा दिवसांत तिचा हा थोरला भाऊ चार वेळा येऊन गेला होता. त्याआधीच्या सहा महिन्यांत, म्हणजे बाबांना पुरल्यापासून, एकदा. माणसाला अशी अचानक माया फुटली की त्याला काहीतरी हवं असतं, हे डिनीला कोणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं तिने याच खिडकीत उभं राहून बाबांची भांडी घासली होती.

घर आता तिच्या मुलीकडे, लीकेकडे, जाणार होतं. गुरुवारी नोटरीसमोर सह्या. तिन्ही भावंडांनी माना डोलावल्या होत्या. मग लीके म्हणाली, पहिलं काम हा कोबा काढायचा, खालची माती मोकळी करायची, गवत लावायचं, एक सफरचंदाचं झाड लावायचं, पोरीला, फेन्नाला, मातीत खेळू द्यायचं. त्याच दिवशी हार्मनची माया सुरू झाली. आधी म्हणाला, कोबा चांगला आहे, अजून पन्नास वर्षं टिकेल. मग म्हणाला, वरून लाकडी फळ्या टाकू, मी टाकून देतो. मग म्हणाला, निदान शरद ऋतूपर्यंत थांबा. कोणी ऐकेना तेव्हा म्हणाला, मग लाम्बर्टला तरी बोलावू नका.

हे शेवटचं डिनीच्या घशात अडकलं होतं. आमच्या गावात अंगणातली एक फरशी उचलायची तरी पहिल्या शेजाऱ्याला हाक मारतात. पहिला शेजारी म्हणजे उजव्या हाताच्या घरातला, इथे लाम्बर्ट. बाळ झालं की बघायला आधी तो येतो. घरात कोणी गेलं की पहिली खबर त्याला, आणि ती त्याच्या पुढच्या दारावर जाऊन द्यायची. मग तो काळा कोट चढवतो आणि गल्लीतल्या एकेका पुढच्या दारावर जाऊन सांगतो, कोण गेलं आणि कशाने गेलं. एरवी पुढचं दार कोणी उघडत नाही. सगळं जग मागून येतं, मागून जातं. अशा गल्लीत मागचा कोबा फोडायचा आणि लाम्बर्टला बोलवायचं नाही, म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच.

डिनीने खिडकी उघडली. "काही पेरलंयस का त्यात?"

"धूळ उडते," हार्मन वर न बघता म्हणाला.

"चिखलातून?"

"फोडल्यावर उडते, डिनी. तू खिडकी लावून घे. आणि आज सगळ्यांनी बूट बाहेरच काढायचे. कपडे मीच गोळा करून नेईन."

"माझे कपडे? बायको गेल्यापासून धुणं आवडायला लागलं वाटतं तुला."

तो हसला नाही. कुंपणापलीकडे लाम्बर्टची टोपी हलत होती. ऐंशी वर्षांचा म्हातारा गुलाबाच्या काड्या छाटत होता. मंगळवारीच त्या छाटून संपल्या होत्या, डिनीने स्वतः बघितलं होतं.

*

रूल्फ ट्रेलर घेऊन आला तो हॉर्न वाजवतच. धाकटा, बावन्न वर्षांचा, घरोघरी बॉयलर बसवणारा, तोंडाने गाव विकून खाणारा. भाड्याने आणलेला काँक्रीट फोडायचा ब्रेकर त्याने खाली उतरवला आणि कोब्यावर टाच आपटली.

"काय हार्मन, खाली बाबांचं दुसरं कुटुंब पुरलंय का?"

"असेल तर शांत कुटुंब आहे," डिनी दारातून म्हणाली. "आपल्यातलं नाही."

रूल्फ हसत तिच्याजवळ आला आणि आवाज खाली आणला. "माझं ऐक. त्याला घर हवंय. त्याच्या अर्येनसाठी. पोराचा संसार मोडला, राहतोय भाड्याच्या खोलीत. लीकेला वैताग आणायचा, गुरुवारची सही टाळायची, मग म्हणायचं, घ्या, आता आमचा अर्येन तयार आहे."

"मलाही तेच वाटतंय."

"नाहीतर खाली काहीतरी आहे. युद्धातलं. बाबा सांगायचे नाहीत, पण एकदा प्यायल्यावर म्हणाले होते, जे आहे ते कोब्याखाली आहे."

"तुला म्हणाले होते?"

"मला कशाला म्हणतील? हार्मनला म्हणत होते. मी जिन्यात होतो."

बहीणभाऊ दोघे मग हार्मनकडे बघत राहिले. तो नळी गुंडाळत होता. दोघांनाही वाटलं, याला आपण कधी ओळखतच नव्हतो.

लीके सायकलवरून आली. पुढच्या आसनावर तीन वर्षांची फेन्ना, तिच्या हातात लाल बादली. लीके शाळेत भूगोल शिकवायची आणि घरातही तसंच बोलायची. तिने खिशातून कागद काढला.

"ऐका सगळे. राडारोडा म्हणजे कचरा नाही. तो दळतात आणि नव्या रस्त्यांच्या खाली घालतात. पण साफ पाहिजे. काँक्रीट वेगळं, लोखंडी सळ्या वेगळ्या, माती वेगळी. तुकडे हाताएवढेच. त्यात दुसरं काही सापडलं तर नगरपालिकेच्या कचरा केंद्रावरून अख्खा ट्रेलर परत पाठवतात."

"वर्गात हात वर करायचा का, बाई?" रूल्फने विचारलं.

"ट्रेलर मी भरणार," हार्मन म्हणाला. "तुम्ही फोडा. भरायचं मी. आणि पोरीला आत ठेव, लीके."

"आत कशाला, मामा? तिच्यासाठीच चाललंय हे."

"आत ठेव म्हणतो ना!"

एवढ्या मोठ्याने तो कधी बोलत नसे. फेन्नाने बादली छातीशी धरली. लीकेने पोरीला पायरीवर बसवलं, आणि पहार उचलली.

कोबा सहज फुटला नाही. ज्याने तो ओतला होता त्याने तिथे खुर्च्या मांडण्याच्या विचाराने ओतला नव्हता. एक वीत जाडी, आत दुहेरी जाळी. रूल्फ ब्रेकर चालवताना शिव्या घालत होता. "अंगण आहे का रणगाड्याचा तळ?" लीके पहारीने तुकडे उलटवत होती, आणि उलटवता उलटवता तिच्या लक्षात आलं की मामा तुकडे नुसते उचलत नाही. प्रत्येक तुकडा तो पालथा करतो, त्यावर पाणी मारतो, थापीने खालची बाजू खरवडतो आणि निघालेलं काळ्या पिशवीत टाकतो. पिशवीचं तोंड लगेच आवळतो. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी.

"काय काढताय, मामा?"

"माती."

"मातीची वेगळी रास आहे की."

"ही चिकट आहे."

लीकेला चिकट माती माहीत होती, खरं बोलणारा माणूसही माहीत होता. तिने पुढचा तुकडा उलटवला. रूल्फनेही बघितलं होतं. त्याने ब्रेकरच्या आवाजाआडून भुवया उडवल्या: सापडलं वाटतं म्हाताऱ्याला.

साडेनऊला हार्मन संडासात गेला. तेवढ्या वेळात रूल्फने उरलेले तुकडे, न खरवडलेले, न धुतलेले, खालच्या करड्या थरासकट, धडाधड ट्रेलरमध्ये फेकले. हार्मन पट्टा लावत धावत बाहेर आला तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळली होती.

"त्याला थांबव!" तो ओरडला. "लीके, फोन कर त्याला!"

"का?"

हार्मनने नळी उचलली आणि उघड्या पडलेल्या मातीवर पुन्हा पाणी सोडलं.

*

केंद्रावर शनिवारची गर्दी होती. आमचे लोक शनिवारी चर्चला जावं तसे तिथे जातात. लाकूड इथे, काच तिथे, राडारोडा शेवटच्या खड्ड्यात. नारिंगी जाकिटातली एक बाई हातात लोखंडी गज घेऊन प्रत्येक ट्रेलर बघत होती.

रूल्फ सगळ्या रस्त्याने खूश होता. मागे नक्की काहीतरी आहे, आणि ते आधी आपण बघणार. केंद्राच्या अलीकडे थांबून त्याने दोन तुकडे चाळवलेही होते. करडा भुगा निघाला, पत्र्याच्या मोडक्या कडा निघाल्या, डबा नाही, बंदूक नाही. त्याने पँटला हात पुसले.

बाईने गजाने एक तुकडा उलटवला. मग दुसरा. मग ती दोन पावलं मागे सरली.

"इंजिन बंद करा. मागे ताडपत्री आहे?"

"काँक्रीट आहे हो. साफ काँक्रीट."

"वरून साफ आहे. खाली शनिवारचा माल आहे."

"काय आहे?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. वेड घेऊन पेडगावला जाणारे तिने बरेच पाहिले असावेत. "तुम्ही इथलेच ना? बोलता तर इथल्यासारखं. ॲस्बेस्टॉस आहे हा. पत्र्याच्या कारखान्याचा भुसा आणि फुटके पत्रे. माझ्या आजोबांच्या अंगणातही होता. कुठल्या घरचं हे?"

"गिऱ्हाइकाचं," रूल्फ म्हणाला. ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं, आणि निघाल्यावर त्याला स्वतःचीच थोडी किळस आली.

"मग गिऱ्हाइकाला सांगा, पुढे काही फोडू नका. ओलं करा, झाका, कोणाला फिरकू देऊ नका. या कार्डावरच्या नंबरवर फोन करा, माणसं येतील, ती सूट घालून काढतील. इथे हे उतरवता येणार नाही." तिने ताडपत्री स्वतः ओढून पक्की बांधली. मग गाडीचा नंबर लिहून घेतला. "आणि हात पँटला पुसू नका."

*

आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डब्याचं झाकण लावतात. डिनीने झाकण लावलं तेव्हा रूल्फ आत आला. बूट न काढता. हार्मनने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

लीके बाहेर फेन्नाला नळावर हात धुवायला शिकवत होती.

"शनिवारचा माल," रूल्फ म्हणाला. "ऐकलंय का कधी हार्मनसाहेबांनी?"

हार्मनने बुटांसाठी एक काळी पिशवी पुढे सरकवली.

"पंचावन्न लोकांसमोर मला परत पाठवलं. चोरासारखं. तुला माहीत होतं!"

"माहीत होतं."

"आणि बोलला नाहीस?"

"फोडू नका म्हणालो. चार वेळा."

"तू फळ्या टाकू म्हणालास! शरद ऋतू म्हणालास! असं बोलतात होय ॲस्बेस्टॉसबद्दल?"

डिनीने कप खाली ठेवला. तिला आठवत होतं. तिला नेहमीच आठवत होतं, पण आठवणीला नाव नव्हतं. शनिवारी बारा वाजता कारखान्याच्या मागच्या फाटकापाशी ढीग लावलेला असायचा. घेऊन जा म्हणायचे, फुकट. ढकलगाड्यांची रांग लागायची, बायका, पोरं, पाद्रीबाबासुद्धा. गल्ली चिखलाची, अंगणं चिखलाची, त्यावर हे टाकून चोपलं की दगडासारखं बसायचं. कारखान्याला आपला कचरा वाहून न्यायची माणसं मिळाली, तीही हसत वाहणारी. आणि आमचे लोक एवढे सज्जन की नववर्षाला त्यांनी साहेबाला आभाराचं पत्र लिहिलं, खाली सगळ्या गल्लीच्या सह्या. हे सांगणाऱ्या माझ्या बापाचीही सही त्यात आहे. मी ते पत्र पाहिलंय.

"बरं," रूल्फ बसला. राग ओसरला की त्याचं डोकं भराभर चालायचं, वाईट दिशेने चालायचं. "झालं ते झालं. तिने नंबर घेतलाय, पण पत्ता नाही. उद्या दहाला सगळं गाव चर्चमध्ये असतं. रेतीची जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली. ट्रेलर तिथे मोकळा. सोमवारी मिक्सर बोलावतो, इथे नवा कोबा. लीकेला सांगू, खाली जुना शोषखड्डा निघाला, माती ढासळतेय. गुरुवारी सह्या."

डिनी हार्मनकडे बघत होती. आता हा उठेल. ओरडेल. रूल्फची गचांडी धरेल.

हार्मनने बोटांनी टेबलावरचा बिस्किटाचा चुरा गोळा केला. "खाण खोल आहे," तो म्हणाला.

गेली वीस वर्षं या दोघा भावांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. बाबांच्या थडग्यावरच्या अक्षरांवर नाही, शवपेटीच्या लाकडावर नाही. आज झालं, आणि ते तिच्या पोटच्या पोरीला फसवण्यावर झालं. डिनीला वाटलं आता आपण बोलायला हवं. पण तिलाही तिचा कागद आठवला. पंधरा वर्षांपूर्वी नगरपालिकेने घरोघर पाठवलेला. तुमच्या अंगणात कारखान्याचा माल आहे का, हो की नाही. असेल तर आम्ही काढून नेऊ. बाबा खुर्चीतून म्हणाले होते, नाही. तिने विचारलं नव्हतं. पेनाने 'नाही'वर खूण केली होती, पाकीट चिकटवलं होतं, आणि त्या दिवशी बटाटे जरा जास्त वेळ सोलत बसली होती.

तिने डबा उघडला आणि हार्मनसमोर दुसरं बिस्कीट ठेवलं. तिघांनाही कळलं की हा तिचा होकार होता.

मागचं दार उघडलं.

"हे काय आहे?" लीके म्हणाली.

तिच्या हातात लाल बादली होती. अर्धी भरलेली. वरती करडे, मऊ पुंजके, नळीच्या पाण्याने भिजलेले, बोटांनी नीट निवडून घेतलेले.

"फेन्ना म्हणते मेंढीची लोकर आहे. मऊ मऊ तेवढी तिने गोळा केलीय. बाहुलीची उशी करायचीय तिला." लीके एकेकाकडे बघत गेली. "मामा पण पिशव्या भरत होता म्हणून तिने पण भरली. आता कोणीतरी सांगा मला. एकाने तरी."

रूल्फ म्हणाला, "शोषखड्डा..."

"गप्प बस, रूल्फ," हार्मन म्हणाला.

तो उठला. खुर्ची मागे पडली. त्याने बादली तिच्या हातातून घेतली, दोन्ही हातांनी, भरलेलं सूप न्यावं तशी. बेसिनमध्ये ठेवली, काठोकाठ पाणी भरलं, वरून ओलं फडकं टाकलं. मग बेसिनला धरून, सगळ्यांकडे पाठ करून बोलायला लागला.

"पोरीचे कपडे काढ. सगळे. ओले कर आणि पिशवीत घाल. तिला अंघोळ घाल, केसांतून पाणी जाऊ दे. आधी ते कर. मग सांगतो."

"आत्ता सांगा."

"ॲस्बेस्टॉस आहे. सुट्टा, कारखान्यातला. त्याची धूळ छातीत जाऊन बसते. आई त्यानेच गेली."

"आईला निमोनिया झाला होता," रूल्फ म्हणाला. तो बारा वर्षांचा असताना त्याला तेच सांगितलं होतं, आणि तो अजून त्या वाक्यावर उभा होता.

"निमोनिया नव्हता. बाबा दर शुक्रवारी कामाचे कपडे आणायचे. आई त्या दारात उभी राहून झटकायची. सदरा, पँट, टोपी. मग खालचं झाडून घ्यायची. कोरडं झाडायची, डिनी, तुला आठवतंय? ढग उठायचा. आपण त्यातून पळायचो. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तिला जिना चढवेना. डॉक्टरने बाबांना रोगाचं नाव लिहून दिलं, कारण बाबांना ते दोनदा ऐकूनही म्हणता येईना. ती गेली आणि पुढच्या एप्रिलात बाबांनी हा कोबा ओतला. एका दिवसात. मी कालवत होतो. दुहेरी जाळी घातली. मी विचारलं, अंगणाला एवढी जाळी कशाला? तेव्हा सांगितलं."

"काय सांगितलं?" डिनीने विचारलं.

"की हे आता कायमचं झाकलं. तू फोडू द्यायचं नाहीस. बोललास तर कारखाना बंद पडेल, गल्लीतल्या घरांकडे कोणी फिरकणार नाही, आणि तुझी आई, योहाना, काही उठून यायची नाही."

"आणि तू ऐकलंस."

"मी तिथेच कामाला होतो. पुढे चौदा वर्षं होतो. मी कोणाविरुद्ध बोलणार होतो?"

रूल्फ टेबलाकडे बघत म्हणाला, "मला जिन्यात वाटायचं, खाली खजिना आहे." त्याने आपल्या पँटकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि बूट काढायला वाकला. बराच वेळ त्याला नाडी सुटेना.

"त्या कागदावर मी खूण केली," डिनी म्हणाली. "नगरपालिकेच्या. मी 'नाही' लिहिलं, लीके. मामावर एकट्यावर ओरडू नकोस."

लीके कोणावरच ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं. ती फेन्नाला काखेत घेऊन वर गेली. वरून पाण्याचा आवाज येत राहिला आणि पोरीचा, की बुधवारी अंघोळ झालीये, आज बुधवार नाही. खाली डिनीने रूल्फने आणलेल्या कार्डावरचा नंबर फिरवला. घराचा पत्ता सांगितला, बापाचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, माल कधीपासून तिथे आहे हे कोणाला माहीत आहे? ती म्हणाली, सगळ्यांना.

लीके खाली आली तेव्हा तिच्या बाह्या ओल्या होत्या.

"मला एवढंच सांगा, मामा. फक्त आपल्याच घरी आणला होता का शनिवारी?"

हार्मनने मान हलवली. नाही.

"किती घरं?"

"अकरा. दोन्ही बाजू धरून. शाळेची वाटसुद्धा, पण ती नगरपालिकेने काढली नंतर."

"त्यातल्या किती जणांनी कागदावर 'हो' लिहिलं?"

"एकानेही नाही. एकाने लिहिलं असतं तर दुसऱ्यांना लिहावं लागलं असतं. सगळे एकमेकांकडे बघत बसले."

"सातव्या घरात जुळी मुलं आहेत, मामा. गेल्या वर्षी राहायला आलेत ते. त्यांनी मागे वाफे खणायला घेतलेत. काल त्या बाईने मला विचारलं, तुमच्याकडे कुदळ आहे का. मी दिली."

*

हार्मनने हात धुतले. कोपरापर्यंत, दोनदा. मग बाबांचा काळा कोट खुंटीवरून काढला. तो त्याला खांद्यात अपुरा होता. कोणी विचारलं नाही कुठे निघालास. तो मागच्या दाराकडे वळला नाही. बोळातून पुढे गेला, पुढच्या दाराची कडी काढली, फुगलेल्या लाकडाला खांदा लावला. बाबांची पेटी गेली त्यानंतर ते दार आजच उघडत होतं.

बाहेर ऊन पडलं होतं. सातव्या घरामागून कुदळीचा आवाज येत होता.

लाम्बर्टच्या पुढच्या दारावर घंटा नव्हती. हार्मनने पितळी कडी तीनदा वाजवली. आतून पाय घासत आले. दार अडखळत उघडलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून कात्री होती. त्याने हार्मनचा कोट पाहिला, कुठल्या दारात उभा आहे ते पाहिलं, आणि टोपी काढली. सकाळपासून जे मनात धरून तो कुंपणाशी उभा होता, ते चेहऱ्यावरून उतरलं.

"कोण गेलं?" लाम्बर्टने विचारलं.

"आई," हार्मन म्हणाला.

लाम्बर्टने हे चुकीचं ऐकू आलं असं दाखवलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी हीच खबर त्याने दारोदार नेली होती, निमोनिया म्हणून. त्याने कात्री दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"कशाने?"

हार्मनने त्या रोगाचं नाव सांगितलं. बाबांना जे म्हणता येत नव्हतं ते, सगळं, शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि ते कुठून आलं ते सांगितलं, आणि अजून कुठे कुठे आहे ते.

लाम्बर्टने नाव एकदा पुटपुटून पाहिलं. अडखळला, पुन्हा म्हणाला. निरोप्याला निरोप बरोबर सांगावा लागतो. मग त्याने काळा कोट अंगात घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली, आणि म्हणाला,

"आधी सातव्या घरी जातो."